अप्रस्तुत जनावरे

‘कादंबरीतील प्राण्यांचे प्रतीकात्मक स्थान स्पष्ट करा.’ आनंद यादव यांची ‘गोतावळा’ जेव्हा जेव्हा आमच्या अभ्यासक्रमात आली, तेव्हा तेव्हा हा प्रश्न आम्ही या ना त्या शब्दांत विचारला आहे. त्याचे उत्तरही ठरलेले असते. बैल हे कृषिसंस्कृतीचे प्रतीक, ट्रॅक्टर हे यंत्रयुगाचे प्रतीक, आणि नारबा हा या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या ग्रामीण माणसाचा प्रतिनिधी. हे उत्तर गाईडात आहे असे म्हणून आम्ही नाक मुरडतो खरे, पण गाईडकर्त्याने ते आमच्यासारख्यांच्याच व्याख्यानांतून उचललेले आहे. आम्हीच ते फळ्यावर लिहून दिले, आणि आम्हांला ते आमच्या गुरुजनांनी लिहून दिले होते.

काही वर्षांपूर्वी एका अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरून आम्हा दोघांत वाद झाला. विद्यार्थी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातला, उसाच्या पट्ट्यातला. त्याने पहिली दोन वाक्ये ठरल्याप्रमाणे लिहिली आणि मग त्याचा तोल सुटला, असे तेव्हा वाटले. पुढचे दीड पान त्याने आपल्या घरच्या बैलजोडीवर खर्च केले. जोडी वडिलांनी बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात कशी विकली, दोघांपैकी डावीकडे कोणता चाले आणि उजवीकडे कोणता, एकाचे शिंग कशाने मोडले होते, आणि विकून आल्यावर घरात उरलेले कासरे पुढे ट्रॉलीवरची ताडपत्री बांधायला कसे कामी आले, हे सगळे त्यात होते. दोन्ही बैलांची नावेही त्याने लिहिली होती. दहापैकी चार गुण मिळाले. समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला गेला, ‘अप्रस्तुत’. तो आमच्यापैकी कोणी लिहिला हे येथे सांगण्याचे कारण नाही, कारण दुसऱ्याने आठ गुणांचा आग्रह धरला तरी आदर्श उत्तराच्या चौकटीपुढे त्यालाही शेवटी मान तुकवावी लागली.

‘अप्रस्तुत’ हा शब्द मात्र तेव्हापासून आमच्या डोक्यातून जात नाही. साहित्यशास्त्र शिकवताना आम्ही अप्रस्तुतप्रशंसा नावाचा अलंकार शिकवतो. ज्याच्याविषयी बोलायचे ते प्रस्तुत बाजूला ठेवून भलत्याच कशाचे वर्णन करायचे, आणि त्या वर्णनातून प्रस्तुताकडे बोट दाखवायचे. अन्योक्ती म्हणतात ती हीच. हंसाला उद्देशून बोलायचे आणि विद्वानाला टोमणा मारायचा. सिंहाची थोरवी गायची आणि राजाला ऐकवायची. हंस, सिंह, हत्ती, गाढव हे सारे त्या व्यवहारात शास्त्रानेच ‘अप्रस्तुत’ ठरवलेले असतात. प्रस्तुत असतो तो माणूस. मराठी गद्याच्या आरंभी महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’तही आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती येतो, पण त्या हत्तीचे काय झाले हे कोणी विचारत नाही, तो परमेश्वराच्या ज्ञानाविषयी काही सांगण्यापुरता उभा असतो. परंपरा मोठी आहे आणि तिचे सौंदर्यही आम्हांला मान्य आहे. तिच्याच सवयीने आपण ‘गोतावळा’ वाचतो, ही अडचण आहे.

‘गोतावळा’ १९७१ साली आली. मळ्यावर राबणाऱ्या नारबा नावाच्या गड्याने आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने सांगितलेली ही कथा. त्याला संसार नाही. मळ्यावरची जनावरे हाच त्याचा दिवस आणि तीच त्याची रात्र. त्यांचे माजावर येणे, गाभण राहणे, विणे, आजारी पडणे, म्हातारे होणे हे सगळे त्याच्या अंगावरून जाते. पुढे मळ्यात ट्रॅक्टर येतो, जनावरांची गरज संपते, ती एकेक करून मळ्यातून जातात आणि नारबा एकटा उरतो. कथानक एवढेच. एवढ्याशा कथानकावर इतकी दाट कादंबरी उभी राहते, कारण नारबा कोणत्याही जनावराकडे ‘जनावर’ या सामान्यनामाने पाहत नाही.

प्रतीक म्हणजे काय, हे आम्ही वर्गात असे सांगतो: जे स्वतःपलीकडच्या कशाचा तरी निर्देश करते ते. या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती आपण उघडपणे बोलत नाही. ज्याचा निर्देश करायचा ते एकदा हाती आले की निर्देश करणाऱ्याची गरज संपते. बैल जर ‘कृषिसंस्कृती’ या अर्थासाठी उभा असेल, तर त्याच्या जागी नांगर, मोट, खळे यांपैकी काहीही चालेल. परीक्षेतल्या उत्तरात ते चालतेही. विद्यार्थी एकाच वाक्यात बैल, मोट आणि पोळा यांची माळ ओवतात आणि आम्ही गुण देतो. ‘गोतावळ्या’त ट्रॅक्टर आणणारा मालक नेमके हेच म्हणत असतो. बैलाचे काम दुसऱ्या कशाने होत असेल तर बैल कशाला? त्याने बैलाचे शक्तीत रूपांतर केले, आपण अर्थात केले. (ट्रॅक्टरची ताकद आजही घोड्यांतच मोजतात, हा भाषेचा एक खट्याळपणा.) दोन्ही व्यवहारांत गोठा रिकामा होतो. ज्या एकट्या माणसाला हा बदल मान्य नाही, त्याच्या तोंडी यादवांनी अख्खी कादंबरी दिली. तिच्यावर प्रश्न काढताना मात्र आपण मालकाच्या बाजूला जाऊन बसतो.

शीर्षकाचाही विचार करावा. ‘गोतावळा’ हा शब्द गोतापासून आला. सोयरे, भाऊबंद, ज्यांच्या सुतकात आपण बसतो आणि जे आपल्या सुतकात बसतात ते. जनावरांना गोत म्हणणे हे शहरी वाचकाला रूपक वाटते. नारबाच्या लेखी ते रूपक नाही. त्याच्याजवळ त्या शब्दात बसवायला दुसरे कोणी नाहीच. नात्याच्या माणसाला आपण कशाचे प्रतीक समजत नाही. आपली आत्या ही वात्सल्याचे प्रतीक असते असे निबंधात लिहिता येईल, पण ते आत्या वारल्यानंतर.

याच्या उलट उदाहरण मराठीतच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीतला नायक बदलतो, नवा नर टोळीचा ताबा घेतो, जुन्याची पिल्ले मारली जातात, असा तिचा विषय. माडगूळकर रानात बसून पाहणारे लेखक. या वानरांचे वागणे त्यांनी निसर्ग-अभ्यासकाच्या शिस्तीने टिपले आहे. पण नाव त्यांनी दिले ‘सत्तांतर’, आणि त्या एका शब्दाने दार उघडे ठेवले. वाचकाला दिल्ली-मुंबईतली माकडे दिसू लागली तर त्याला दोष देता येत नाही. लेखकानेच खूण केली आहे. यादवांनी दार लावून घेतले आहे. त्यांच्या शीर्षकातून जनावरांपलीकडे जायला वाट नाही, असलीच तर ती आणखी आत, गोठ्यात जाते.

प्रेमचंदांच्या ‘दो बैलों की कथा’मधले हीरा आणि मोती आपसांत बोलतात, विचार करतात, गुलामीला कंटाळतात, त्यांच्यात स्वातंत्र्याची लढाई वाचणे स्वाभाविक आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘महेश’ कथेत तसे काही नाही. तेथे गफूर नावाच्या गरीब मुसलमान शेतकऱ्याचा बैल भुकेला आहे, गावाचे गायरान जमीनदाराने पैशाच्या लोभाने खंडाने लावून दिले आहे, आणि शेवटी ज्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली त्या बैलाला गफूरच्याच हातून मरण येते. महेशला बोलता येत नाही. त्याची भूक ही कशाची खूण म्हणून येत नाही, ती चाऱ्याची भूक आहे. ‘गोतावळा’ आम्हांला या दुसऱ्या घराण्यातली वाटते. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ही याच घराण्यातले. तेथले हरीण निरागसतेचे प्रतीक आहे असे पुष्कळांनी लिहिले आहे, परंतु त्याला मारावे लागते ते त्याने कोवळे पीक खाल्ले म्हणून.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ‘प्रतीक’ हा शब्द त्या काळी समीक्षेने अपमान म्हणून वापरला नव्हता. ग्रामीण कथा म्हणजे चटकदार बोली, इरसाल पात्रे आणि थोडी करमणूक, अशी समजूत रूढ असताना कागलच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, जो पुढे पुणे विद्यापीठात मराठी शिकवू लागला, अशी कादंबरी लिहावी आणि तिला खोली आहे हे सांगायला समीक्षेजवळ दुसरा शब्द नसावा, हे समजण्यासारखे आहे. ‘प्रतीकात्मक’ म्हणणे ही तेव्हा पाटावर बसवण्याची रीत होती. पण पाहुण्याला पाटावर बसवून आपण त्याच्याशी बोलायचेच विसरलो, तसे काहीसे झाले.

हे सगळे आम्ही ज्या भागात बसून लिहितो, तेथे हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारचे तालुके. पश्चिमेला सह्याद्री, भातखाचरे आणि आदिवासी वाड्या. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे. या पूर्वेचे रूप कुकडी प्रकल्पाने पालटले. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचे डिंभे ही पाच धरणे. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगावच गेले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने, आणि या सगळ्याच्या जोडीने ट्रॅक्टर. ‘गोतावळ्या’त एका मळ्यावर जे घडते, ते येथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत दोन तालुक्यांत घडले. चिखलणीसाठी पश्चिमेच्या खाचरांत बैल अजून दिसतात. पूर्वेकडे औताला बैल धरलेला पाहायचा तर शोधत जावे लागते.

तरीही येथे बैल पदोपदी आहे. फ्लेक्सवर आहे, टी-शर्टवर आहे, गाडीच्या मागच्या काचेवर आहे, गावच्या कमानीवर सिमेंटचा होऊन उभा आहे. आणि मुख्य म्हणजे यात्रेच्या घाटात आहे. आमच्या भागातली शर्यत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चढाच्या धावपट्टीला येथे घाट म्हणतात, गाड्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडी धावते, आणि बारी काही सेकंदांत संपते. निवेदक गाडामालकाचे नाव घेतो, गावाचे नाव घेतो, भंडारा उधळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा निकालात बैलाच्या बाजूने विचार झाला होता: त्याचे शरीर धावण्यासाठी घडलेले आहे का, त्याला होणारी वेदना ही त्याची आहे की नाही. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे त्यात मानले गेले. नऊ वर्षांच्या या वादात ‘बैल हे आमच्या कृषिसंस्कृतीचे प्रतीक आहे’ हे वाक्य आम्ही सभांतून, निवेदनांतून, बातम्यांतून इतक्या वेळा ऐकले, की आपले आदर्श उत्तर एवढे लोकप्रिय झाल्याचा अभिमान वाटावा की संकोच, हे कळेना.

शर्यतींविरुद्ध लिहिण्यासाठी आम्ही बसलेलो नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी गाडा होता, आणि यात्रेच्या दिवशी तो आजही घाटात असतो. तो सांगतो ते लिहिले पाहिजे. शर्यतीचा बैल घरात लहान मुलासारखा वाढवतात, त्याला दूध-अंडी घालतात. तो मेला तर त्याचे विधिवत दफन होते, दशक्रिया होते, पंचक्रोशीतले गाडामालक जमतात. हे सुतकच नव्हे का? मग हा गोतावळा नाही तर काय? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याजवळ नाही. त्याची शंका एवढीच, की त्या सुतकात जमणारे लोक बैलासाठी जमतात की त्याच्या नावावर लागलेल्या पहिल्या क्रमांकांसाठी. हरलेल्या बैलाच्या दशक्रियेचा फ्लेक्स त्याने अद्याप पाहिलेला नाही. असो. हा वाद आमच्यात चालू आहे आणि तो या लेखात मिटणार नाही.

आम्हा दोघांचेही एकमत होते ते दुसऱ्याच बैलांविषयी. दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड आणि अहिल्यानगरकडून, खानदेशाकडूनही, ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कित्येकांबरोबर त्यांची बैलगाडी असते, आणि तो बैल मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर विकत घेतलेला असतो. कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या पडतात. पहाटे अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि कारखान्याच्या रांगेत रात्र काढायची. आमच्या तालुक्यांत आज पोटासाठी राबणारा बैल दिसतो तो बहुतेक हाच. त्याच्या गळ्यात घुंगूरमाळ नसते, त्याच्यावर फ्लेक्स नसतो, आणि ‘कृषिसंस्कृतीचे प्रतीक’ म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणारा माणूस आम्ही पाहिला नाही. उसाची गाडी चढावर अडली की मागे मोटारींची रांग लागते आणि भोंगे वाजू लागतात, एवढीच त्याची दखल. रात्री कारखान्याच्या रांगेत गाडीखाली बैलाशेजारी अंग टाकलेला माणूस दिसतो तेव्हा नारबा आठवतो. प्रतीक झालेला बैल आणि काम करणारा बैल यांच्यामध्ये किती अंतर पडले आहे, हे मोजायचे असेल तर यात्रेच्या घाटातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जावे. पाच-सात किलोमीटर भरेल.

२०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. या कायद्याची चर्चा येथे करायची नाही, पण नारबाच्या मालकाला आज ती जनावरे विकायची झाली तर गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. कृषिसंस्कृतीवर पाठ केलेले वाक्य बोलणारा वर्ग एकदम गप्प होतो आणि मग सगळे एकाच वेळी बोलू लागतात. त्यांना भाकड जनावराच्या दिवसाच्या चाऱ्याचा हिशेब तोंडपाठ असतो.

बिबट्याविषयी लिहिल्यावाचून या भागातला कोणताही लेख पुरा होत नाही, आणि आमच्या मुद्द्याशी त्याचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहू लागला. तेथेच पिल्ले, तेथेच बछड्यांसह वाढ. २००१ ते २००३ या काळात हल्ले वाढले तेव्हा वनखात्याने पिंजरे लावून मोठ्या संख्येने बिबटे पकडले आणि त्यांपैकी अनेक दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास केला. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढले. कारण पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या हा ‘बिबट्या’ नव्हता. तो एक विशिष्ट प्राणी होता. त्याला त्याची हद्द होती, सवयी होत्या, कोणत्या वस्तीला वळसा घालून जायचे याची माहिती होती. एकाच्या जागी दुसरा चालतो असे मानले, की काय होते याचा हा धडा आहे. साहित्याच्या शिक्षकांनी तो प्राणिशास्त्राकडून शिकावा लागला हे खरे, पण शिकावा.

याच अभ्यासकांनी २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात, म्हणजे आमच्याच उंबरठ्यावर, सोडले. तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला. त्याचे नाव अभ्यासकांनी ठेवले होते ‘आजोबा’. शास्त्रज्ञांनाही शेवटी गोतातलाच शब्द सापडला.

हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात चारनंतरच्या तासाला मुले बसत नाहीत. पूर्वी आम्हांला तो कंटाळा वाटे. शेवटच्या थांब्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेने अंधार पडायच्या आत पोहोचायचे असते, हे कळायला आम्हांला फार वेळ लागला. अशा मुलामुलींपुढे एखाद्या कवितेतला बिबट्या हा ‘मनातल्या आदिम भयाचे प्रतीक’ आहे असे आम्ही एकदा सांगितले होते. कोणी हसले नाही, एवढा त्यांचा सुसंस्कृतपणा. पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांतल्या मुलांना या प्राण्याशी बोलण्याची वेगळी रीत ठाऊक आहे. आश्विन वद्य द्वादशीला पूर्वेकडे वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, तर त्याच तिथीला डोंगरात वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा आणि आमच्या गुराढोरांना धरू नकोस असे विनवायचे. विनवणी प्रतीकाला करत नाहीत. ज्याला तोंड आहे, पोट आहे आणि जो रात्री खरोखर येणार आहे, त्यालाच करतात.

आळेफाट्याजवळच्या आळे गावी एक समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची. आख्यायिका अशी, की पैठणहून परतताना हा रेडा भावंडांबरोबर चालत आला आणि आळ्याला मरण पावला. तेथे त्याला समाधी दिली गेली. पैठणच्या कथेतला रेडा मराठी वाङ्मयातले बहुधा सर्वांत मोठे प्रतीक आहे. सर्वांभूती एक चैतन्य आहे हे सिद्ध करण्यासाठी तो उभा केला जातो, बोलतो, आणि सिद्धता झाली की कथा पुढे जाते. कीर्तनातही तो तेथेच सुटतो. आळ्याच्या लोकांनी मात्र त्याचे पुढे काय झाले ते सांभाळून ठेवले. चमत्कार झाल्यावर त्याचे पाणी-वैरण कोणी पाहिले असेल, तो किती म्हातारा होता, दमून कोठे बसला, असले प्रश्न त्या समाधीपाशी उभे राहिले की आपोआप सुचतात. पैठणला तो वेद बोलला. येथे त्याने काहीच केले नाही, फक्त मेला, आणि तेवढ्यासाठी गावाने त्याची यात्रा भरवली.

याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची त्यात यादी आहे: गायी हजारोंनी, घोडे, हत्ती, नाणी. आमच्या भागातल्या जनावरांचा तो बहुधा सर्वांत जुना लेखी उल्लेख, आणि तो हिशेबाचा आहे. मोजलेल्या जनावरांना नाव नसते. त्या गायी ज्याने घाट चढवून आणल्या असतील त्या गुराख्याला त्यांची नावे ठाऊक असणार, पण शिलालेख त्याने लिहिला नाही. ‘गोतावळा’चे मोल आम्हांला येथे जाणवते. दोन हजार वर्षांनी का होईना, त्या गुराख्याच्या बाजूने कोणीतरी यादी केली.

यंदा आम्ही प्रश्न बदलला आहे. ‘नारबाच्या मळ्यातील कोणत्याही एका जनावराविषयी, ते दुसऱ्या कशाचे प्रतीक आहे असे न म्हणता, लिहा.’ सराव परीक्षेत निम्म्या वर्गाने हा प्रश्न सोडला. काहींनी येऊन विचारले की सर, हे कोणत्या गाईडात मिळेल. चारपाच उत्तरे मात्र अशी आली की आम्ही ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली. एका मुलीने कादंबरीतले जनावर सोडून आपल्या आजीच्या शेळीवर लिहिले होते. तिचे गुण कापायचे की नाही यावर पुन्हा वाद झाला आणि या वेळी कापले नाहीत.

त्या जुन्या उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे मुदतीनंतर रद्दीत गेल्या. तो मुलगा आता भाड्याने ट्रॅक्टर चालवतो, रस्त्यात भेटला की हात करतो. त्याच्या बैलांची नावे आम्हा दोघांनाही आठवत नाहीत, आणि इतक्या वर्षांनी त्याला ती विचारायची कशी, हे अजून ठरलेले नाही.